पावती नेमकी कोणाकडे मागायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कृषिपंपांच्या केबल चोरणारी टोळी जेरबंद’ ही कालच्या अंकातील बातमी सचित्र वाचली. तोंडे झाकलेले आरोपी, मागे पोलीस आणि पुढे टेबलावर तांब्याची वेटोळी, असा सगळा थाट होता. ते तांबे ज्याने विकत घेतले, तो मात्र ‘एका व्यापाऱ्यास माल विकल्याची कबुली’ एवढ्या ओळीत सुटला.

नदीवरच्या माझ्या मोटारीची केबल दोन वर्षांत तीनदा कापली गेली. दुसऱ्या खेपेस पितळी फूटव्हॉल्व्हही (पाण्यात सोडलेल्या पाइपच्या टोकाची झडप; आमच्याकडे सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात तो) गेला. पहिल्या चोरीने शहाणा होऊन मी त्यावर छिन्नीने गट नंबर कोरून ठेवला होता. आठव्या दिवशी तो तालुक्याच्या गावी एका भंगाराच्या दुकानात, काट्याशेजारच्या ढिगात, नंबर वर करून पडलेला सापडला. दुकानदाराने आदबीने चहा मागवला, ‘रोज पन्नास माणसं येतात, कोणाकोणाची तोंडं लक्षात ठेवू?’ असे विचारले आणि ‘तुमचाच म्हणता, तर घेतल्या भावात न्या’ असा तोडगाही सुचवला. पोलीस ठाण्यात गेलो, तर पहिलाच प्रश्न, ‘खरेदीची पावती आहे का?’ अकरा वर्षांपूर्वीची ती पावती मी घरभर शोधली. दुकानदाराकडे त्याच्या खरेदीची पावती कोणीही मागितली नाही. अखेर माझीच वस्तू मी किलोच्या भावाने विकत आणली आणि तिची पावती मागितली, तेव्हा तो नुसता हसला.

चोरीचा माल घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहेच. पण माल चोरीचा असल्याचे घेणाऱ्याला ठाऊक होते, किंवा तसे मानायला कारण होते, हे सिद्ध करावे लागते. सोललेल्या तारेला भाव जास्त मिळत असताना रबर जाळून काजळलेले तांबे कोणी पहाटे विकायला आणत असेल, तर त्याहून वेगळे कारण ते काय हवे? इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ च्या कायद्याने भंगार व्यापाऱ्याला परवाना, विकणाऱ्याच्या नाव-पत्त्याची खातरजमा आणि तिची नोंद ठेवणे बंधनकारक आहे, आणि रोखीने खरेदीला बंदी आहे. आपल्याकडे युरियाची गोणी घ्यायला मला पॉस यंत्रावर अंगठा लावावा लागतो. चाळीस किलो तांबे विकणाऱ्याला नावही सांगावे लागत नाही. गल्लोगल्ली हातगाडी फिरवून डबे-बाटल्या गोळा करणाऱ्या गरिबाला यात भरडू नये, हेही खरे. नोंदवही हवी ती काटा आणि गोदाम असणाऱ्याकडे. ती असती, तर बंधाऱ्यांचे लोखंडी बर्गे (पाणी अडवायला लावतात त्या फळ्या) रातोरात नेणाऱ्यांनाही गिऱ्हाईक मिळणे अवघड झाले असते. एवढाले बर्गे कोणी खिशात घालून नेत नाही.

जाता जाता, कृषिपंपांना लागणारी थ्री-फेज वीज कोणत्या वारी कोणत्या वेळेत असणार, याचे वेळापत्रक शेतकऱ्यांइतकेच चोरांनाही पाठ असते. वीज नसलेल्या तासांत केबल निर्धास्त कापता येते आणि आम्ही मात्र रात्रीच्या पाळीला पाणी पाजून दिवसा डुलक्या घेत असतो. दिवसा वीज देण्याच्या घोषणा आपल्याच दैनिकात अनेकदा वाचल्या आहेत.

त्या ‘एका व्यापाऱ्या’वर गुन्हा नोंदवला की नाही, एवढे आपल्या वार्ताहराने विचारून छापावे, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. सांगली