आमची चूलही समोर येऊ द्या

मा. संपादक,
स. न.

मी नागपूरच्या रामबागेत राहते आणि गेली २६ वर्षं लांब रोटी, म्हणजे हातावर ताणून पालथ्या मडक्यावर भाजायची रोटी, करते. लग्न, बारसं, तेरवी, कुणाच्या घरचा मटणाचा बेत, जिथून बोलावणं येईल तिथे मडकं, परात आणि लाकडं घेऊन जाते. आपला पेपर रोज वाचते, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहिते आहे. एका जपानी हॉटेलात जेवायला गेले होते. तिथे जे पाहिलं ते पंधरा दिवस झाले तरी मनातून जात नाही.

माझी धाकटी मुलगी मिहानमधल्या एका कंपनीत लागली. पहिला पगार झाला त्या दिवशी म्हणाली, "आई, तू लोकायच्या पंगतीसाठी राबते, आज तू बस." धरमपेठेकडच्या एका हॉटेलात घेऊन गेली. तिथे उडोन मिळतं. उडोन म्हणजे गव्हाच्या जाड, पांढऱ्या, लांबच लांब शेवया. नुसतं पीठ, पाणी आणि मीठ, दुसरं काही नाही. खोलगट वाडग्यात गरम रस्सा, त्यात या शेवया आणि वरून कांद्याची हिरवी पात. एका वाडग्याचे ४८० रुपये वाचून मी मेन्यूकार्ड मिटून ठेवलं, मुलीनं ते परत उघडलं.

आमच्या टेबलासमोर काचेची भिंत होती आणि काचेपलीकडे एक मुलगा कणीक लाटत होता. दार्जिलिंगकडचा, वय पंचवीसेक. त्याच्यावर चांगला दिवा लावलेला, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. लोक जेवण सोडून काचेशी जाऊन उभे राहत, मोबाइलवर त्याचे व्हिडिओ काढत. एका आजोबांनी तर त्याला काचेतूनच हात जोडले. मीही उठले. मला मात्र त्याची कणीक बघायची होती.

जेवणाची गर्दी ओसरल्यावर तो बाहेर आला तेव्हा मी त्याला हिंदीत विचारलं, पीठ कसं भिजवतोस. त्यानं सगळं सांगितलं. पीठ मिठाच्या पाण्यात घट्ट भिजवायचं, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं आणि मोजे घालून पायानं तुडवायचं. घडी घालायची, पुन्हा तुडवायचं. मग काही तास तसंच मुरू द्यायचं. नंतर लांब लाटण्यानं लाटून, घडीवर घडी घालून सुरीनं कापायचं. उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं शिजवलं की लगेच गार पाण्यात चोळून धुवायचं, म्हणजे वरचा चिकटपणा जातो आणि आत कस राहतो. दातांना आधी अडवतं आणि मग सुटतं, त्या कसाला जपानी लोक कोशी म्हणतात.

मी विचारलं, मीठ किती? तो म्हणाला, "माँजी, गर्मी में ज़्यादा, ठंड में कम." उडोन करणाऱ्यांचं त्याबद्दल जुनं माप आहे. एक माप मिठाला भर उन्हाळ्यात तीन मापं पाणी, थंडीत सहा, एरवी पाच.

हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या सासूबाईंनी मला हेच शिकवलं होतं. त्यांच्याकडे आकडे नव्हते, मूठ होती. मे महिन्यात कणीक सैल पडते, हातावर घेतली की ओघळते. तेव्हा मीठ वाढवायचं आणि पाणी माठातलं घ्यायचं. डिसेंबरात तीच कणीक आखडते. तेव्हा मीठ कमी, पाणी कोमट. मिठानं कणकेला ताण येतो हे त्यांना कुणी शाळेत सांगितलं नव्हतं. समुद्रापलीकडे कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी हेच ओळखलं, हे कळायला मला जपानी हॉटेलात जावं लागलं.

लांब रोटी खाल्लेले खूप आहेत, करताना पाहिलेले थोडे. ती पोळीसारखी लाटत नाहीत. कणीक पाण्याचा हात लावत लावत अर्धा-पाऊण तास परातीत आपटायची. ती तारेसारखी ताणली जाऊ लागली की एक गोळा उचलायचा, या हातावरून त्या हातावर टाकत कोपरापर्यंत लांबवायचा, इतका की पलीकडची बोटं दिसावीत. मग एका झटक्यात तो चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर पसरायचा. क्षणभर जास्त राहिली तर करपते, क्षणभर आधी काढली तर फाटते. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत केस उरलेले नाहीत आणि उजव्या मनगटावर तीन डाग आहेत.

आता लग्नातली गोष्ट सांगते. गेल्या मे महिन्यात शहराबाहेरच्या एका लॉनवर आम्ही तिघी गेलो होतो. पारा ४४ वर. आमची चूल मागच्या भिंतीला, भांडी घासायच्या जागेच्या आणि जनरेटरच्या मधे मांडायला सांगितली. डोक्यावर कापड नव्हतं. समोर पास्त्याचं लाइव्ह काउंटर होतं, त्याला दिवे, पंखा आणि फुलांची कमान. आमची रोटी वाढपी टोपलीत भरून नेत होते. पाहुणे तिचं कौतुक करत होते, हे त्या वाढप्यांकडूनच कळलं. पाणी प्यायला समोर गेले तर यजमानांकडचा एक जण म्हणाला, मावशी, मागंच थांबा, फोटो चालू आहेत. तो वाईट बोलला नाही. सवयीनं बोलला. मला तेच जास्त लागलं.

धुराची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण लॉनला चार बाजू असतात. वारा ज्या बाजूला जातो त्या कडेला, लोकांना दिसेल अशी चूल मांडता येते. एका घरच्या लग्नात आम्ही तशी मांडलीही होती. लहान पोरं रोटी मडक्यावर पडताना बघायला तासभर हलली नाहीत.

परत आल्यावर मुलीनं मोबाइलवर उडोनबद्दल वाचून दाखवलं. जपानच्या शिकोकू बेटावर कागावा नावाचा प्रांत आहे, क्षेत्रफळानं जपानमधला सगळ्यात छोटा. त्याचं जुनं नाव सानुकी. तिथे पाऊस कमी, भाताला पाणी पुरायचं नाही, म्हणून गहू पेरायचे. मीठ जवळच्या समुद्राचं. उडोन चीनमधून कूकाई नावाच्या बौद्ध भिक्खूंनी आणलं अशी तिथली आख्यायिका. ते सानुकीतच ७७४ साली जन्मले. २०११ साली या प्रांतानं स्वतःला 'उडोन प्रांत' म्हणवून घेतलं आणि तशी जाहिरात केली. तिथल्या सरकारनं उडोनसाठी गव्हाचं खास वाण तयार करवून घेतलं, त्याचं नाव 'सानुकीचं स्वप्न'. पिठाच्या एका पदार्थासाठी शास्त्रज्ञ बसले, सरकार बसलं!

आम्हाला लांब रोटीसाठी कोणता गहू चांगला, हे आजही हातानंच शोधावं लागतं. दुकानदार एक नाव सांगतो, पोतं उघडल्यावर कणीक ताणच धरत नाही आणि अख्खं काम बिघडतं. आपल्या नागपुरात महाराजबागेजवळ १९०६ पासूनचं कृषी महाविद्यालय आहे. तिथल्या मंडळींनी एकदा आमच्यापैकी चार बायांना बोलावून पाच-सहा वाणांची कणीक आमच्या हातून करून पाहावी. आम्ही मजुरीही मागणार नाही. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. रोटीचाही तसा विचार कुणीतरी सुरू करावा.

नागपूरला जपान परका नाही. कामठीचा ड्रॅगन पॅलेस हा बुद्धविहार १९९९ साली जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीनं उभा राहिला. बौद्ध भिक्खू भदंत सुरई ससाई जपानात जन्मले आणि आपल्या नागपुरातल्या इंदोऱ्याचे झाले. दीक्षाभूमीवर जपानी पाहुणे मी लहानपणापासून बघते आहे. त्यांच्या घरचं जेवण मात्र आता या वयात चाखलं.

चवीचंही सांगते. तिखट खाणाऱ्या माणसाला पहिला घोट फिका लागेल. तिसऱ्या-चौथ्या घोटाला खालून एक खोल चव वर येते. ती समुद्री शेवाळाची आणि सुकवून, धुरी देऊन लाकडासारख्या कडक केलेल्या माशाच्या किसाची. म्हणून शाकाहारी वाचकांनी तिथे गेल्यावर आधी विचारून घ्यावं. वर भाजीच दिसत असली तरी रस्सा बहुतेक वेळा माशाचा असतो. शेवाळ आणि सुकवलेल्या मशरूमचा रस्साही जपानी मठांत करतात, हवा तर तो मागावा. काड्यांनी शेवया उचलायच्या आणि आवाज करत ओढायच्या, तिथे ते वाईट मानत नाहीत. आमच्याकडे कढीचा भुरका मारतात तसंच. मी वाडगा उचलून शेवटचा थेंब प्याले.

निघताना त्या मुलाला माझ्या कामाबद्दल सांगितलं. सोमवारी त्याला सुट्टी असते, तेव्हा तो आमच्या घरी आला. पहिल्या तीन रोट्या त्याच्या हातावरच फाटल्या, चौथी मडक्यावर नीट बसली. त्यानं ती तशीच, कोरडी, उभ्यानं खाल्ली आणि विचारलं, तुम्हाला कुणी शिकवलं? २६ वर्षांत हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. मी सासूबाईंचं नाव सांगितलं, त्यानं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

लग्नसराई जवळ आली आहे. नागपुरातल्या लॉनवाल्यांना, केटरर्सना आणि ज्यांच्या घरी कार्य आहे त्या सगळ्यांना आपल्या पेपरातून माझी विनंती आहे की लांब रोटीची चूल मागच्या भिंतीला लावू नका. आम्हाला सहा फूट जागा लागते, चार विटा, पिण्याच्या पाण्याची एक कॅन आणि डोक्यावर मंडपाचं कापड.

आपली,
लांब रोटी करणारी एक वाचक,
रामबाग, नागपूर