भाऊबीज, हवलेर

२९ ऑक्टोबर २०१९

प्रिय बंड्या,

फराळाचा डबा इथवर आला नाही, डब्याचा फोटो आला. तेवढ्यावर भागवलं. भिंतींची ओल गेली का रे? ऑगस्टच्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या पाण्याचे आकडे बघत मी इथं रात्री काढल्यात. त्यामुळं यंदा तुझ्या दारात आकाशकंदील लागला हे बघूनच बरं वाटलं. काकूंना सांग, चकलीला काटा काय सुरेख आलाय.

आता दुसऱ्या फोटोचं. लांब वेणी, गळ्यात फुलाफुलांचा रुमाल, खांद्याला रायफल आणि खाली कुणीतरी चिकटवलेलं, ‘कुर्दी रणरागिणींना सलाम’. त्यावर तुझा प्रश्न: तू तिथंच आहेस ना, मग हे खरं काय आहे, आणि अमेरिकेनं यांना असं वाऱ्यावर का सोडलं? चार ओळीत उत्तर द्यायला बसलो होतो, जमेना. म्हणून हे चऱ्हाट. चहा ठेव.

पहिलं म्हणजे ती पोरगी सीरियाकडची, मी इराकच्या बाजूला, हवलेरला, म्हणजे नकाशातल्या एर्बिलला. कुर्दांचा मुलूख तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया अशा चौघांत वाटला गेलाय. १९२० साली सेव्हर्सच्या तहात त्यांच्या स्वतंत्र देशासाठी एक फट ठेवली होती, १९२३ ला लोझानच्या तहात ती बुजवून टाकली. तिकडं लढणारे ते वायपीजी, त्यातल्या बायकांची फौज वायपीजे. इकडचे ते पेशमर्गा. पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, पुढारी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आपली भावकी असते ना, बांधावरून बोलणं बंद पण मयताला सगळे हजर, अगदी तसंच.

‘पेश’ म्हणजे पुढं, ‘मर्ग’ म्हणजे मरण. मरणाला सामोरा जाणारा तो पेशमर्गा. आपल्या पेशव्यातला तोच पेश. १९४६ साली इराणात महाबादला कुर्दांचं औटघटकेचं प्रजासत्ताक झालं होतं, त्याच्या अध्यक्षाला, काझी मुहम्मदला, लोक ‘पेशवा’च म्हणायचे. पुढच्याच वर्षी त्याला फासावर दिलं.

हे सगळं मला शिकवलं आमच्या ड्रायव्हरनं. त्याला सगळे ‘काका’ म्हणतात, कारण इथं काका म्हणजे थोरला भाऊ. चुलत्याला म्हणायचं ‘माम’. पहिले सहा महिने माझं डोकं फिरलेलं. नाव विचारायचं तर ‘नावत चिये?’ म्हणतात, नाव म्हणजे नावच! त्या एका शब्दावर माझी आणि काकाची दोस्ती जमली. आमच्या कंपनीचं काम तुला माहीतच आहे, जनरेटर बसवायचे आणि दुरुस्त करायचे. सरकारी वीज मनात आलं तर येते, म्हणून गल्लीगल्लीत एक जनरेटर, त्यावरून घरोघर वायर, आणि महिन्याचं बिल अँपिअरवर. हा पाच अँपिअरवाला, तो दहावाला. सोयरीक जुळवताना मुलाकडं अँपिअर किती ते विचारत असणार, अशी मला दाट शंका आहे. काका एक आठवडा आमची गाडी चालवायचा, पुढचा आठवडा वर्दी घालून ठाण्यावर. पेशमर्गाच्या पगारात भागत नाही, आणि तो पगारही दोन-दोन महिने लांबायचा, मग कापून यायचा. तू ज्यांना सलाम ठोकतोस त्यांच्यातले निम्मे तुला टॅक्सीच्या स्टिअरिंगवर भेटतील.

१० जून २०१४ ला मोसुल पडलं. इथून जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. इराकी सैन्य वर्द्या टाकून पळालं, आणि अमेरिकेनं त्यांना दिलेल्या हमवी गाड्या ‘दाइश’च्या हाती आयत्या लागल्या. इथं इसिस कुणी म्हणत नाही, दाइश म्हणतात, आणि तोंडात कडू काही आल्यासारखं म्हणतात. आपल्याकडचे चाळीस कामगार मोसुलमधून पळवले होते, आठवतं? एक निसटला. ३९ जण मारले गेले हे सुषमा स्वराजांनी राज्यसभेत सांगेपर्यंत २०१८ चा मार्च उजाडला. तिक्रितच्या ४६ नर्सेस मात्र सुटल्या, इथल्याच विमानतळावरून जुलैत कोचीला गेल्या. त्या दिवशी आमच्या मेसमधल्या केरळी पोरांनी पायसम केलं होतं. कामगारांचं कुणालाच काही कळत नव्हतं, म्हणून त्यांचा विषय कुणी काढला नाही.

३ ऑगस्टला दाइश सिंजारवर आली. तिथं यझिदी, म्हणजे निराळ्या धर्माचे लोक राहायचे, आणि त्यांच्या राखणीला पेशमर्गा होते. होते म्हणजे आदल्या रात्रीपर्यंत. गावकऱ्यांना न सांगता ते मागं सरले. पुरुष मारले, बायका-मुली गुलाम म्हणून विकल्या, उरलेले हजारो लोक ऑगस्टच्या उन्हात पाण्याविना डोंगरावर अडकले. त्यांना खाली उतरायला वाट करून दिली ती सीरियातून आलेल्या वायपीजीनं आणि तुर्कस्तानातल्या कुर्द बंडखोरांच्या पीकेकेनं, म्हणजे भावकीनं. गेल्या वर्षी नोबेल मिळालेली नादिया मुराद तिथलीच, कोचो गावची. मी एकदाच काकाला विचारलं, तुम्ही का सोडलंत सिंजार? त्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरून एक सिगारेट ओढली, परत बसला आणि गाडी सुरू केली. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

तीनच दिवसांनी दाइश ग्वेरला पोचली. ग्वेर म्हणजे इथून पाऊण तास. रात्रीत शहर निम्मं रिकामं झालं, पेट्रोलच्या रांगा, विमानाचं तिकीट मिळेना. कराकोश गावचे ख्रिस्ती रातोरात उठून इथल्या अंकावा या ख्रिस्ती वस्तीत आले, चर्चच्या बागेत, अर्धवट बांधलेल्या इमारतींत, मिळेल तिथं आडवे झाले. सात ऑगस्टच्या संध्याकाळी काका दारात आला, माझ्या हातात घराची किल्ली दिली, म्हणाला, फ्रीजमध्ये दही आहे, खाऊन टाक, वाया जाईल. आणि स्वतःच्या टॅक्सीतून आघाडीवर गेला. अरे, टॅक्सीतून! डिकीत पाण्याचे खोके आणि बापाची कलाश्निकोव्ह. दुसऱ्या दिवशी अमेरिकेची विमानं आली आणि पारडं फिरलं.

तो परत आला तेव्हा दाढीत धूळ होती. सांगत होता, त्यांच्या आत्मघाती ट्रकना पुढून लोखंडी पत्रे ठोकलेले असतात. दोश्का मशीनगनची गोळीसुद्धा टणकन उडून जाते, आणि ट्रक आपला येतच राहतो. पुढं जर्मनीनं मिलान क्षेपणास्त्रं दिली तेव्हा कुठं ते ट्रक लांबूनच फुटायला लागले. मी दही खाल्लं नव्हतं, ते तोवर आंबून गेलं होतं. त्यावरून शिव्या खाल्ल्या.

मग कोबानी. तुर्कस्तानच्या सीमेला चिकटलेलं सीरियातलं गाव, मध्ये फक्त रेल्वेचा रूळ. सप्टेंबरात दाइशनं वेढलं, दीड-दोन लाख लोक रूळ ओलांडून पळाले. तुर्की रणगाडे टेकडीवर उभे राहून बघत होते, आणि त्यांचे अध्यक्ष एर्दोआन म्हणाले कोबानी आता पडेल. पडलं नाही. घराघरांच्या भिंतींना भोकं पाडून आतल्या आत सरकत ती पोरं-पोरी चार महिने लढली, २६ जानेवारी २०१५ ला गाव मोकळं झालं. तुझ्या फोटोतल्या रुमालाचं नाव झालं ते तेव्हा. आणि तारखेची गंमत बघ: बरोबर पाच वर्षांपूर्वी आजच्या दिवशी, २९ ऑक्टोबरला, इकडच्या दीडशे पेशमर्गांचा ताफा तोफा घेऊन तुर्कस्तानातून कोबानीच्या मदतीला निघाला होता. २९ ऑक्टोबर म्हणजे तुर्कस्तानचा प्रजासत्ताक दिन! ताफा आदल्या दिवशी हवलेरहून निघाला तेव्हा काका रस्त्याच्या कडेला उभा होता. वायपीजीला एरवी शिव्या घालणारा माणूस, पण त्या दिवशी घसा बसेस्तोवर ओरडला.

त्याच हिवाळ्यात त्यानं मला एक विचारलं. कल्याणची चार पोरं दाइशमध्ये गेली होती, त्यातला एक नोव्हेंबरात परत आला. ती बातमी कुणीतरी त्याला फोनवर दाखवली. म्हणाला, तुमचं ते गाव इथून किती लांब? मी म्हटलं, विमानानं चार-पाच तास. तो म्हणाला, एवढ्या लांबून आले? आमची-त्यांची ओळखही नाही रे. त्यात राग नव्हता. पाहुणा जेवायला येतो म्हणून सांगून आला नाही, असा काहीसा चेहरा. मला काय बोलावं सुचेना.

हे वाचून कुर्द म्हणजे देवमाणसं असं समजू नकोस. १९९० च्या दशकात यांचेच दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडले होते, आणि १९९६ ला एकानं दुसऱ्याला हाणायला चक्क सद्दामची फौज बोलावली. त्याच सद्दामची, ज्यानं १९८८ ला हलबजावर विषारी वायू सोडून एका दिवसात पाचेक हजार माणसं मारली! वायपीजीनं अरबांची गावं पाडली असा अम्नेस्टीनं २०१५ ला अहवाल दिलाय, कोवळ्या पोरांना फौजेत घेतल्याच्या तक्रारी आहेत. दाइशच्या बायकापोरांना कोंबलेल्या अल-होलच्या छावणीची अवस्था बघवत नाही म्हणतात. फोटोच्या खाली हे कुणी लिहीत नाही.

आणि अमेरिकेचं म्हणशील तर धक्का तुला बसला, काकाला नाही. आपण १७६१ म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही, तसे यांचे आकडे आहेत. १९७५: इराणचा शहा आणि सद्दामचं जुळलं, अमेरिकेनं हात काढला, कुर्द पुढारी मुस्तफा बारझानीचं बंड दोन-तीन आठवड्यांत कोसळलं, काकाचा बाप त्यात होता. १९९१: अमेरिकावाले सद्दामविरुद्ध उठा म्हणाले, हे उठले, सद्दामची हेलिकॉप्टरं आली तेव्हा वर कुणी नव्हतं. काका तेव्हा लहान, डोंगराकडं पळताना बर्फात आजी गेली, वाटेतच पुरली. २०१७: सार्वमतात नव्वद टक्क्यांवर लोकांनी स्वातंत्र्य मागितलं, तीन आठवड्यांत इराकी फौजेनं किरकुक शहर घेतलं. आता २०१९.

यंदाचं मात्र जास्त लागलं, आणि का ते सांगतो. मार्चमध्ये सीरियातल्या बागूझला दाइशची शेवटची पट्टी वायपीजी आणि त्यांच्या अरब साथीदारांनी घेतली. या सगळ्या लढाईत आपली ११,००० माणसं गेली असं ते सांगतात. मग ऑगस्टमध्ये अमेरिका म्हणाली, तुर्कस्तानला तुमची भीती वाटते, ती घालवायला तुमचे सीमेवरचे मोर्चे पाडा, आम्ही आहोत ना. यांनी आपल्या हातांनी खंदक बुजवले. ६ ऑक्टोबरला ट्रम्प आणि एर्दोआन फोनवर बोलले, अमेरिकेनं सीमेवरची माणसं मागं घेतली, ९ ला तुर्की विमानं हल्ल्याला आली. त्याच दिवशी ट्रम्प म्हणाले, दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीला कुठं होते हे कुर्द! गेल्या सोमवारी अमेरिकन गाड्या सीरियातल्या कामिश्ली शहरातून निघाल्या तेव्हा लोकांनी त्यांच्यावर बटाटे फेकले.

परवा लक्ष्मीपूजनाला पणत्या लावत होतो, तेवढ्यात दाइशचा म्होरक्या बगदादी मेल्याची बातमी आली. ट्रम्पनी आभार मानले: रशिया, तुर्कस्तान, सीरिया, इराक, आणि मग ‘काही मदतीबद्दल’ कुर्द. काल कळलं, ओळख पटवण्यासाठी बगदादीची चड्डी पळवून आणली होती ती यांच्याच हेरानं. काका हसून हसून लोळला. म्हणाला, बघ, चड्डीपर्यंत आम्ही, पुढं आभार रशियाचे.

शनिवारी आम्ही दोघं बर्दरशच्या छावणीत गेलो होतो. सीमेपलीकडून आलेल्या दहा-बारा हजार लोकांचे तंबू, तिथं जनरेटर बसवायचा होता. वायर ओढतोय तोवर फोन चार्ज करायला रांग लागली. पुढं एक बाई, तिशीची असेल, सीरियाच्या सीमेवरच्या सेरेकानियेची. फोन सुरू झाला आणि पडद्यावर एक पोरगी, फुलाफुलांचा रुमाल, अगदी तुझ्या फोटोसारखी. धाकटी बहीण, रक्काच्या लढाईत गेली, २०१७ ला. मी काहीतरी मोठं बोलणार होतो, म्हणजे तुझ्या सलामासारखंच काहीतरी. तिनं त्याआधीच विचारलं, एका तंबूला किती अँपिअर देणार? दोन, म्हटलं. तिनं मान हलवली. दोनमध्ये हिटर चालत नाही, म्हणाली, आणि थंडी आता महिन्यावर आलीय.

खरं होतं. दोनमध्ये नाहीच चालत. काल दिवसभर कंपनीत भांडलो, तीनपर्यंत आणलंय.

आत्ता साडेपाच वाजलेत. रशिया आणि तुर्कस्ताननं रशियातल्या सोचीत करार करून वायपीजीला सीमेपासून तीस किलोमीटर मागं सरायला १५० तास दिले होते, ते आज सहाला संपतात. टीव्हीवर कोपऱ्यात घड्याळ लावलंय. काका समोर बसून डाळिंब सोलतोय. त्याच्या बहिणीनं हलबजाहून पेटी पाठवलीय, तिथली डाळिंबं नावाजलेली. त्याला भाऊबीज समजावून सांगितली, तर म्हणतो, बहीण ओवाळते आणि भाऊ पैसे देतो? पगार झाला की देईन म्हणावं.

वीज गेली. जनरेटर सुरू करायला खाली जातो. वहिनींना नमस्कार सांग, पोरांना खाऊ माझ्या नावावर.

तुझा,
नान्या