आई, पांढरी ओळ बर्फाची नाही

प्रिय आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाळ्या हे वाचून दाखवेल. बाळ्या, मधले शब्द गाळू नको, मला कळतं. माझी तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर होतं, नाइट ड्युटीवरून येताना बस अगदी दारापाशी सोडते. थंडीचं म्हणशील तर घरात हीटर आहे, बाबा रात्रीच्या लाइनीवर ओलिताला जातात तेव्हा त्यांना जेवढी थंडी वाजते तेवढी मला इथे स्कॉटलंडात ॲबर्डीनमध्ये घरात बसून कधीच वाजत नाही. आता चार वाजायच्या आत अंधार पडतो तेवढं सोडलं तर बाकी मजेत.

तू मागच्या फोनवर म्हणालीस ना, "काहून एवढा आटापिटा करतेस बाप्पा, ब्लँकेट इकत भेटत नाही का तिथं?" भेटते गं. पण हे प्रकरण वेगळं आहे, नीट सांगते, कारण पिंकीला दोनदा सांगितलं तरी तिला वाटतं मी रिकामटेकडी झाले.

इथे लायब्ररीत बुधवारी बाया विणायला बसतात. चहा, दोन बिस्किटं, आणि पगार किती, लग्न झालं का, असं कोणी विचारत नाही (हे मला फार आवडतं, राग मानू नको). त्यातल्या बऱ्याच जणी हवामानाचं ब्लँकेट करतात. म्हणजे १ जानेवारीला सुरू करायचं आणि रोज एकच ओळ विणायची, त्या दिवशी जेवढं तापमान असेल त्या रंगाची. आधी तक्ता ठरवायचा, शून्याखाली गेलं तर हा रंग, पाच-सहा असेल तर तो. वर्षभराच्या ३६५ ओळी झाल्या की झालं ब्लँकेट. मी म्हटलं, हवामान घडी करून पेटीत ठेवायचं कशाला? तर एक आजी म्हणाली, नाहीतर विसरून जातो ना. त्यांच्या घरी अशी चार वर्षं घडी करून ठेवलेली आहेत.

मग मी पण सुरू केलं, पण आपल्या गावचं. बाळ्या रोज संध्याकाळी आकडा पाठवतो तो यासाठीच. (मधे चार दिवस एकच आकडा आला, तेव्हा मी नागपूर हवामान केंद्राच्या यादीत यवतमाळचे आकडे पाहिले आणि याला पकडलं.) इथल्या बायांचा तक्ता आपल्याला चालतच नाही, त्यांचा लाल २२ ला सुरू होतो, म्हणजे आपलं ब्लँकेट जानेवारी ते डिसेंबर नुसतं लालभडक. २०२२ च्या जुलैमध्ये इंग्लंडात ४०.३ झालं होतं, ते अजून आजारपणासारखं सांगतात.

म्हणून रंग मी माझे घेतले. २४ आणि खाली जवसाच्या फुलाचा निळा, त्याच्या वर हरभऱ्याच्या घाट्याचा हिरवा, पावसाळ्याच्या दिवसांना तुरीच्या पानाचा जरा मळका हिरवा, मग हळद, मग पळस, ४१ पासून मिरची. पळसाला दुकानात तासभर उभी होते, सगळे केशरी संत्र्यावर जात होते, पळसात थोडा लाल हवा. आणि ४३ च्या वर पांढरा. यावर बायांनी मला वेड्यात काढलं, पांढरा तर बर्फाचा! म्हटलं तुमच्याकडे असेल. आमच्याकडे एप्रिलात दुपारी ओसरीतून बाहेर पाहिलं की बांध, बाभूळ, रस्ता, सगळ्याचा रंग उडून जातो, काहीच दिसत नाही इतकं पांढरं.

क्रोशाच्या टाक्याचं तू विचारलंस म्हणून. इथे पुस्तकं बघायची सोय नाही, अमेरिकेचं पुस्तक ज्याला डबल म्हणतं त्यालाच हे लोक ट्रेबल म्हणतात, माझा पहिला नमुना त्यातच उसवला. आपलं बरं, खांब तो खांब. पण खांबाने केलं तर दहा सेंटिमीटरला आठच ओळी बसतात, ३६५ ओळींचे साडेचार मीटर, म्हणजे ब्लँकेट नाही, पाचवारी झाली असती. म्हणून बुटका टाका, मुका खांब घेतला, एक मुका खांब, एक साखळी, पुढच्या ओळीत खालच्या साखळीच्या जागेत सुई घालायची. १७ ओळी बसतात, सव्वादोन मीटरच्या आत आवरतं, आणि कापड तुझ्या तोरणासारखं जाळीचं नाही होत, वाकळीसारखं भरीव होतं.

सूत अर्धं कॉटन, अर्धं ॲक्रिलिक. लोकर तुला टोचते आणि कसर लागते. पूर्ण कॉटनचा १०० ग्रॅमचा गुंडा ४ पौंडांना होता, मी दुकानातच हिशोब केला, २०२५-२६ च्या हंगामाच्या क्विंटलला ८११० च्या हमीभावाने बाबांचा जवळपास पावणेसहा किलो कापूस. सरकी काढली तरी दोन किलोच्या आसपास रुई उरते. बाबांना हे सांगू नको. अरे हो, बाळ्या मोठ्याने वाचतोय. जाऊ दे.

एप्रिलात पांढऱ्या ओळी सलग आल्या. मे मध्ये अवकाळी आला आणि अर्धा गुंडा तसाच राहिला. त्या पांढऱ्यांमधली एक २१ एप्रिलची. बाळ्याने त्या दिवशी ४४ पाठवलं, पुढे हसरा चेहरा. मी चहा घेऊन खिडकीत बसून विणली, गाणं लावून. चार दिवसांनी पिंकीच्या तोंडून निघालं की बाबांना ऊन लागलं होतं आणि तो आकडा दवाखान्यातून आला होता, सलाईन चालू असताना. मी काही बोलले नाही तेव्हा. उसवायला घेतली होती, मग सुई काढून घेतली. त्या ओळीत तीन ठिकाणी साखळी चुकलीय, राहू दे.

बरं, बोअरच्या मोटरीचे ४० हजार टाकलेत, बाळ्याने मेसेज बघावा, त्यातले पाच बाबांच्या गोळ्यांचे, मोटरीत घालू नये. सोसायटीचं मार्चच्या आत बघते. पिंकीच्या लग्नाला दहा दिवसांची सुट्टी मागितली आहे, होईल बहुतेक, आत्ताच सगळ्यांना येणार म्हणून सांगत सुटू नको. मोठीच्या आधी धाकटीचं, असं जे कोणी म्हणेल त्याला माझा नंबर दे. वर्ध्याच्या स्थळाला तूच सांग काय सांगायचं ते, मी नाही म्हटलेलं नाही, हो पण म्हटलेलं नाही. आणि ब्लँकेट रुखवतात मांडायचं नाही हं, ते तुझ्या पायांवर घ्यायला आहे.

तुमची
सोनी

ता. क. बाळ्या, परवाचा आकडा आला नाही, कालचाही नाही. घरी सगळं ठीक आहे ना? आधी खरं काय ते सांग, आकडा मग पाठव.