त्या रात्री तू जागी होतीस

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय शुभा,

परवा तुझा फोन ठेवला तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा पुसून टाकलं. तिथे निळ्या खुणा उमटल्या की तू लगेच "अगं जाऊ दे गं" म्हणणार, आणि मला तेच ऐकायचं नाहीये. म्हणून कागद-पेन. अक्षर लावून घे.

तुझ्या मुक्ताचं नाव ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाच्या सोडतीत लागलं. अख्ख्या भारतातून १८ ते ३० वयाच्या पोरांसाठी वर्षाला फक्त १००० जागा, म्हणजे म्हाडाचं घर लागण्यासारखंच. हे सांगताना तुझा आवाज आधी चढला आणि मग एकदम खाली आला. "वर्षभर काम करत फिरणार म्हणते. एकटी नाहीये गं, मैत्रिणीचंही नाव लागलंय, दोघी जातायत." मी तोंडदेखलं "वा वा" म्हटलं खरं, पण त्या "दोघी"पाशीच अडकून बसले.

कारण आदल्याच आठवड्यात मी 'द रॉयल हॉटेल' पाहिला होता. २०२३ चा सिनेमा, दिग्दर्शिका किटी ग्रीन, स्वतः ऑस्ट्रेलियन. सिडनीत मजा करता करता दोन मुलींचे पैसे संपतात, हॅना आणि लिव्ह. काम मिळवून देणारी बाई त्यांना दूर ओसाड भागातल्या खाणकामगारांच्या एका बारमध्ये धाडते. जाण्याआधी विचारते, पुरुषांनी जरा जास्त लक्ष दिलेलं चालेल ना? हॉटेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मिसळ-पाव येतो. तिकडे हॉटेल म्हणजे गुत्ता, आणि वर राहायच्या खोल्या.

मी खून बघायच्या तयारीने बसले होते. पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्यांना मारणारा इव्हान मिलात ऑस्ट्रेलियातलाच, १९९६ साली सात खुनांसाठी त्याला जन्मठेप झाली, आणि तसल्या सिनेमांची तिकडे रांग आहे. इथे मात्र कुणी सुरा घेऊन अंधारातून येत नाही. मालक बिली (ह्यूगो वीव्हिंग, 'मॅट्रिक्स'मधला तो काळ्या गॉगलचा एजंट) पहिल्याच भेटीत हॅनाला एक घाणेरडी शिवी हासडतो. ती चमकते. लिव्ह म्हणते, अगं, इकडची बोलायची पद्धतच असेल. एक पोरगा असं पेय मागतो की नाव मोठ्याने घेतलं की भलताच अर्थ निघावा. ती भाबडेपणाने नाव घेते आणि बार खदखदून हसतो. प्रत्येक गोष्ट अशी की पोलिसांत सांगायला जावं तर आपलंच आपल्याला हसू यावं.

ज्युलिया गार्नरची हॅना हसते कशी ते बघ. ओठ हसतात आणि डोळे दाराकडे. गिऱ्हाईक कितव्या ग्लासावर आहे, कोण खुर्ची जवळ ओढतोय, कोण पाठीमागे उभा आहे, सगळा हिशेब चालू. गर्दीच्या पीएमटी बसमध्ये दप्तर छातीशी धरून उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला तो हिशेब शिकवावा लागत नाही. आणि तिथला चांगला माणूस कोण आणि वाईट कोण हे शेवटपर्यंत पक्कं ठरत नाही. जो आज मदत करतो, त्याचाच उद्या हात दारावर.

शेवटची पाच मिनिटं मला पटली नाहीत. इतका वेळ झाकण दाबून धरलेला कुकर आणि मग एकदम सिनेमातल्यासारखी शिट्टी. असो.

मला टोचलं ते वेगळंच. हॅनाचा जीव सगळ्यात जास्त शिणवते ती लिव्ह. "बाऊ करू नकोस. माणसं साधी आहेत. थोडी मजा कर." प्रत्येक वेळी हॅनाला आधी त्या पुरुषांशी आणि मग स्वतःच्या मैत्रिणीशी झगडावं लागतं. साधारण चाळिसाव्या मिनिटाला मी सिनेमा थांबवला आणि उठून पाणी प्यायले. शुभा, ती लिव्ह मी होते.

मध्य प्रदेशातलं धार. २००१. मांडूचा जहाज महाल बघताना मीच रेंगाळले आणि इंदूरची शेवटची बस चुकली. स्टँडजवळचा तो लॉज, हिरवट रंगाच्या भिंती, मॅनेजर मिशीतल्या मिशीत हसणारा. रजिस्टरमध्ये नावं लिहिताना त्याने विचारलं, "और कोई साथ में नहीं?" तू म्हणालीस, भाऊ मागून येतोय. मी फिस्सकन हसले! तुझा डाव मीच उधळला, आणि तू माझ्याकडे जे बघितलंस ते मला तेव्हा कळलंही नाही.

मग दारावर टकटक. "मॅडम, पानी चाहिए?" अर्ध्या तासाने पुन्हा. "मॅडम, चद्दर?" साडेबाराला तिसऱ्यांदा, आणि त्या वेळी तो बाहेर काही बोललाच नाही, नुसता उभा. दाराखालच्या फटीत त्याच्या चपलांची सावली. तू लोखंडी खाट दाराशी ओढलीस. तिच्या पायांनी फरशीवर केलेला आवाज मला आजही ऐकू येतो. मी म्हणाले, "काय हा तमाशा, काकू आहेस अगदी," आणि कूस बदलून झोपले. गाढ झोपले गं.

सकाळी तू मला कडी दाखवलीस. चार स्क्रूपैकी दोनच होते, आणि त्यातला एक अर्धा बाहेर. रात्रभर बसून तो तू केसातल्या पिनेने आवळत होतीस. पीन वाकडी झाली होती. मी म्हटलं, "जुना लॉज आहे, सगळंच खिळखिळं." मग खाली जाऊन मी त्याच मॅनेजरने मागवलेले पोहे-जिलबी खाल्ले, त्याच्याशी गप्पा मारत. तू बॅगा घेऊन रस्त्यावर उभी होतीस.

आजही मी शपथेवर सांगू शकत नाही की त्याच्या मनात काही होतं. कदाचित खरंच पाणी विचारायला आला असेल. पण तुला भीती वाटत होती एवढं तर माझ्यासमोर होतं, आणि मी ते खोडून काढण्यात रात्र घालवली. घरी आल्यावर सगळ्यांना किस्सा म्हणून सांगितला, तुझी नक्कल करून. तूही हसायचीस. आता वाटतं, तू तेव्हाही डोळे दाराकडे ठेवूनच हसत होतीस का?

तर मुक्ताला जाऊ दे. ही सूचना समज, फुकटची. तो सिनेमा 'हॉटेल कूलगार्डी' या २०१६ च्या माहितीपटावरून सुचलेला आहे, पर्थपासून साडेपाचशे किलोमीटरवरच्या कूलगार्डी या सोन्याच्या खाणीच्या गावात बारवर काम करायला गेलेल्या दोन फिनिश मुलींचा. तो तिला आधी दाखव. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर शहराबाहेर तीन महिने ठरावीक कामं करावी लागतात, तिकडे ते "८८ दिवस" म्हणूनच ओळखले जातात. पगार मालकाच्या हातात, दिवस मोजायला लागणारे कागदही त्याच्याकडून मिळायचे, आणि बस कधीतरीच. अशा जागी मुलगी मुकाट्याने बरंच काही सोसते. तेव्हा परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात, आणि त्याला हात लावायचा नाही.

आणि तिच्या मैत्रिणीला एकदा माझ्याकडे पाठव. मुक्ताला नको, मैत्रिणीला. चहा देईन आणि धारची गोष्ट सांगेन, या वेळी नक्कल न करता.

चुकले गं मी. चोवीस वर्षं लागली हे म्हणायला.

तुझी,
नीता

ता. क. पोहे मात्र फर्मास होते, ते मी अजूनही म्हणणार.