गोव्याच्या कागदांतले ‘भोंसुलो’ सातारचे नव्हेत

माननीय संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला पेडण्याच्या किल्ल्यांवरचा लेख आवडला. फक्त एका ठिकाणी अडलो. 1746 साली पोर्तुगीजांनी हळर्णचा किल्ला घेतला तो सातारकर भोसल्यांकडून, असं लेखात आलंय. किल्ला भोसल्यांचाच होता, पण सातारकरांचा नव्हे, वाडीकर म्हणजे सावंतवाडीच्या सावंत भोसल्यांचा. ज्या व्हाइसरॉयने तो घेतला त्याला पुढे त्याच गावावरून ‘मार्क्विस ऑफ अलोर्ना’ (अलोर्ना म्हणजे पोर्तुगीजांच्या तोंडचं हळर्ण) हा किताब मिळाला. शापोरा नदीकाठचं आपलं हळर्ण असं लिस्बनपर्यंत पोचलं, आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव मात्र आपणच चुकवतो!

लेखकाची चूक समजण्यासारखी आहे. पोर्तुगीज दप्तरात वाडीच्या राजाला सरसकट ‘भोंसुलो’ म्हटलंय. गोव्यातल्या बार्देस महालावरच्या स्वाऱ्या, तह, खंडणीची कुरबुर, जिथे तिथे भोंसुलो. ते वाचताना पुण्या-साताऱ्याचा इतिहास डोक्यात असलेल्या माणसाला छत्रपतींचं घराणं आठवणारच. पण डिचोली, सत्तरी, पेडणे हा मुलूख सावंतवाडीचा होता. पेडणे पोर्तुगीजांकडे कायमचं गेलं ते 1788 साली.

मुळात भोसले म्हटलं की एकच घर असं नाही. वेरूळचे मालोजी, त्यांचे शहाजी, पुढे शिवाजी महाराज ही मुख्य ओळ. तिच्यातून व्यंकोजींची तंजावरची शाखा फुटली. सातारा आणि कोल्हापूर यांची वाटणी 1731 च्या वारणेच्या तहाने पक्की झाली. नागपूरचे रघुजी हिंगणीकर भोसल्यांतले. अक्कलकोटचं तर निराळंच. तिथले मूळ पुरुष फत्तेसिंह हे जन्माने लोखंडे. शाहू महाराजांनी त्या पोराला जवळ केलं आणि आपलं आडनाव दिलं. म्हणजे शाखा रक्तानेच फुटते असंही नाही. वाडीकरांचं कूळ भोसले आणि सावंत हा मान. ‘सामंत’वरून ‘सावंत’, असं आमच्याकडचे जुने लोक सांगत. खेम सावंत, लखम सावंत, फोंड सावंत ही नावं पेडण्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून असतात. लखम सावंतांनी 1659 साली शिवाजी महाराजांशी करार केला, तो नात्यातला कौटुंबिक कागद नव्हता. दोन सत्ताधाऱ्यांमधला तह होता.

हे एवढं मनाला लावून घेण्याचं कारण घरगुती आहे. आमचं घर सावंत भोसल्यांपैकी. शाळेत नाव घालताना थोरल्या भावाच्या मुलांना मास्तरांनी ‘सावंत’ केलं, माझ्यांना ‘भोसले’. दोन्ही एकदम रकान्यात मावेना म्हणे! वडील वारल्यावर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीची नोंद, करायला गेलो तर समोरचा कारकून विचारतो, ही दोन वेगळी कुटुंबं ना? एकाच आज्याची नातवंडं एका वांगडातली, म्हणजे एकाच कुळातली, आहेत हे पटवायला प्रतिज्ञापत्रं करावी लागली. शेवटी आजोबांची जन्मनोंद सापडली. पिवळा कागद, कडेला वाळवी लागलेली, आणि त्यावर पोर्तुगीज वळणाच्या अक्षरात सरळ ‘सावंत भोंसुलो’. कारकुनाने तो दोनदा उलटापालटा करून पाहिला आणि मग शिक्का मारला.

मुलीच्या सोयरिकीतही तेच. पाहुणे विचारतात, भोसले म्हणजे छत्रपतींचे का? हो म्हणायला तोंड होत नाही, नाही म्हटलं तर माणसं हिरमुसतात. माझी आई अशा वेळी सरळ देवक विचारायची. आडनाव कुणीही लावील, देवक जुळलं तर लग्न होत नाही, हा तिचा हिशेब. मोऱ्यांचं मोराचं पीस, कदमांचा कळंब, अशी दहा-बारा तरी तिला पाठ होती.

तेव्हा लेखमालेच्या पुढच्या भागात दुरुस्तीच्या दोन ओळी छापाव्यात. आणि 1739 च्या बार्देस स्वारीवर लिहिणार असाल तर तिथेही ‘भोसले’ऐवजी ‘सावंतवाडीकर सावंत भोसले’ असं पूर्ण लिहा. त्या वर्षी गोव्यातल्या साष्टीत (मुंबईजवळच्या नव्हे) मराठ्यांचं सैन्यही शिरलं होतं, त्यामुळे घोळ व्हायला वेळ लागणार नाही.

आपला,
एक वाचक, पेडणे