मंत्रिमहोदय, आधी गोळ्यांची पिशवी उघडून बघा

मा. आरोग्यमंत्री यांस,
सादर नमस्कार.

औषधांवरच्या संशोधनाला पैसा कुठे द्यायचा हे ठरतं, तेव्हा टेबलाभोवती प्राध्यापक असतात, अधिकारी असतात, कंपन्यांची माणसं असतात. औषधं गिळणारा पेशंट नसतो. मी क्लिनिकल फार्मसिस्ट आहे. पेशंटच्या पिशव्या उघडून बघणं हे माझं रोजचं काम.

मध्यंतरी एक आजोबा डिस्चार्जनंतर दहा दिवसांनी तपासणीला आले. चक्कर येत होती, नाडी ४४. पिशवीत हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या मेटोप्रोलॉलच्या दोन पट्ट्या निघाल्या, एक आधीपासूनची, एक आम्ही दिलेली. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून त्यांना ती दोन औषधं वाटली आणि ते दोन्ही इमानेइतबारे घेत होते. डिस्चार्ज कार्डात चूक काहीच नव्हती. घरातल्या जुन्या पट्टीचं काय करायचं, एवढंच त्यावर नव्हतं.

आता हा संशोधनाचा विषय आहे का? माझ्या मते अगदी पहिल्या रांगेतला. घरी गेल्यावर फोन करायचा तर तिसऱ्या दिवशी की सातव्या? कुणी करायचा? कोणत्या पेशंटला त्याचा फायदा होतो आणि कुणासाठी तो नुसता सोपस्कार ठरतो? यात नवा रेणू नाही, पेटंट नाही, त्यामुळे कंपनी यावर पैसा घालणार नाही. तो सरकारनेच घालायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी इजा कमी करण्याची मोहीम काढली. औषधांतल्या चुकांचा जगभरचा खर्च वर्षाला ४२ अब्ज डॉलर धरला आणि तीन क्षेत्रं पुढे ठेवली: जोखमीची औषधं आणि प्रसंग, एकाच वेळी अनेक औषधं, आणि पेशंट एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो तो टप्पा. म्हणजे मथळे तयार आहेत. त्याखालचे प्रश्न अजून कुणीतरी नेमके लिहायचे आहेत.

तिथे एक विनंती. चुका मोजणारे प्रबंध आता पुरे. (एक मीही लिहिला आहे, ग्रंथालयात सुखरूप आहे.) संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा दबते, माणूस दगावू शकतो. हे जुनं ज्ञान आहे, इशारेही वारंवार निघाले, तरी ही चूक होतेच. ती किती वेळा होते यापेक्षा, पाकिटाच्या आकाराने थांबते, सॉफ्टवेअरने थांबते की ‘घ्यायचा वार: सोमवार’ असं ठळक लिहिल्याने, हे तपासायला निधी द्या.

चाल्मर्स आणि ग्लॅझिओ या संशोधकांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हिशेब मांडला होता की वैद्यकीय संशोधनावरची सुमारे ८५ टक्के गुंतवणूक वाया जाते. गळतीची पहिलीच जागा त्यांनी दाखवली ती प्रश्न निवडण्याची. ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स यावर एक पद्धत वापरतं. पेशंट, त्यांची काळजी घेणारे आणि उपचार करणारे बरोबरीने बसतात, प्रश्न गोळा करतात, ज्यांची उत्तरं आधीच मिळाली आहेत ते गाळतात आणि शेवटी पहिले दहा ठरवतात. औषध कंपन्यांना तिथे मत नसतं. ही पद्धत आहे तशी उचलली तरी चालेल, पण मत नसण्याची अट सोडू नका.

मला विचाराल तर पहिला नंबर औषधं थांबवण्याला. आठ-दहा गोळ्या घेणारे, किडनी मंदावलेले म्हातारे पेशंट औषधांच्या चाचण्यांतून बहुतेक वेळा वगळले जातात. मग तीच औषधं सर्वांत जास्त त्यांनाच दिली जातात. सुरू कशी करायची याच्या मार्गदर्शिका ढीगभर आहेत. यांतली कोणती आधी बंद करायची, किती सावकाश, आणि ती पेशंटला सोडवेल का, हे विचारायला गेलं की आम्ही सगळे अंदाजाने बोलतो. जनुकांवरून डोस ठरवणं वगैरे जरूर करा, पण ते रांगेत थोडं मागे चालेल.

शेवटची मागणी साधी आहे. निवडलेल्या विषयांबरोबर नाकारलेल्या विषयांची यादीही कारणांसकट जाहीर करा. आमचा प्रश्न कुठे आणि का गळला, ते आम्हाला वाचता येईल.

आपली,
वॉर्डातली एक क्लिनिकल फार्मसिस्ट