दुखापत एकाला, बेत साऱ्या घराचे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या दुखापतींबद्दल क्रीडा पानांवर जे छापून येतं, ते बहुधा त्यांच्या पुनरागमनाच्या दिवशी. १९८४ मध्ये अमेरिकेची धावपटू जोन बेनॉइट हिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि अवघ्या १७ दिवसांनी तिने अमेरिकेची ऑलिंपिक निवड मॅरेथॉन जिंकली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसला महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही तिचीच. ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ २००८ मध्ये मांडीच्या हाडाच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमधून, म्हणजे सततच्या भाराने पडलेल्या बारीक भेगेतून, जेमतेम सावरून बीजिंगला धावली आणि २३वी आली. या हकिकती मलाही आवडतात, माझ्या बायकोला तर तोंडपाठ आहेत. पण तिच्याच खुब्यातल्या हाडाला भेग पडली तेव्हा आमच्या घरापुढे जे प्रश्न उभे राहिले, त्यांची उत्तरं यांत कुठेच नव्हती. म्हणून हे पत्र.

जांघेत खोलवर दुखायचं. एक्स-रेत काही दिसलं नाही, या दुखापतीत सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआयमध्ये कळलं की मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे खुब्याजवळच्या अरुंद भागाला, स्ट्रेस फ्रॅक्चर आहे. भेग आतल्या बाजूला होती हे नशीब. बाहेरच्या बाजूला असती तर हाड सरकण्याची भीती जास्त असते आणि बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच करावी लागते. कुबड्या, त्या पायावर भार नाही, धावणं काही महिने बंद. डॉक्टरांनी तिला सगळं व्यवस्थित समजावलं. मी शेजारच्या खुर्चीत बसून होतो. येत्या काही महिन्यांत तुमच्या घरी काय काय ठरलंय, हे मात्र कोणी विचारलं नाही.

ठरलेलं बरंच होतं. मुलगी कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात जायची होती, तिला हॉस्टेलवर पोहोचवायचं होतं. आई कायमची आमच्याकडे राहायला येणार होती. आणि बायकोच्या शर्यतीच्या निमित्ताने आम्हा सगळ्यांची सुट्टीची तिकिटं काढून झाली होती. धावपटूच्या घरात वर्षभराचे बेत शर्यती पाहूनच आखले जातात. सुट्टी म्हणजे शर्यतीचं शहर, हॉटेल म्हणजे स्टार्ट लाइनपासून चालत जाता येईल असं, आणि रविवारी कुणाकडे जायचं तर लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचा सराव, आटोपल्यावर. ती शर्यतच कॅलेंडरवरून गेली की बाकीचं सगळं उघड्यावर पडतं.

आम्हाला सल्ला एकच मिळाला, सगळ्यांकडून: आता सगळं पुढे ढकला, ती बरी झाली की बघू. हा सल्ला मला मुळीच पटत नाही. कॉलेजची तारीख कुणासाठी थांबत नाही, म्हाताऱ्या माणसाचं एकटेपणही थांबत नाही. शिवाय अशा हाडाला खरी भीती असते ती चुकीच्या वेळी पडलेल्या भाराची. तो सांभाळून प्रवास करता येतो का, कसा करता येतो, हे विचारायला हवं. आम्ही विचारलं तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि ती मुलीला सोडायला आली.

हॉस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फिजिओने तिला जिना शिकवला होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. पण सोबतच्या माणसाने कुठे उभं राहायचं? हे मी तिथून फोन करून विचारलं. उत्तर साधं आहे, कायम तिच्या खालच्या बाजूला. म्हणजे चढताना मागे, उतरताना पुढे. मी एका हाताने कठडा धरून तिच्या मागे, मुलगी सामान घेऊन पुढे, असे आम्ही प्रत्येक वळणावर थांबत वर गेलो. खोलीत ती पलंगावर बसली आणि कपाटात काय कुठे लावायचं ते सांगत राहिली. एरवी पहाटेच्या सरावासाठी रात्री नऊला झोपणारी ही बाई त्या रात्री मुलीशी बोलत उशिरापर्यंत जागी होती. मुलीने ते मला नंतर दोनदा सांगितलं.

लांबच्या प्रवासाचं आणखी एक. चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात हा धोका मुळातच अगदी कमी असतो, पण पाय वापरात नसला किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असली की गणित बदलतं. अधूनमधून उठायचं, घोटे हलवत राहायचं, पाणी प्यायचं, आणि औषधाची गरज आहे का ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. हे प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक जखमी खेळाडूच्या घरी माहीत असायला हवं.

शर्यतीच्या शहरातली सुट्टी आम्ही रद्द केली नाही, फक्त तारखा बदलल्या. शर्यतीचा दिवस त्यात येणार नाही असं पाहिलं. रस्त्याकडेला उभं राहून इतरांना टाळ्या वाजव, म्हणजे मन मोकळं होईल, असं तिला बऱ्याच जणांनी सुचवलं. तिला ते नको होतं, आणि मला तिचं म्हणणं योग्य वाटतं. महिनोन्‌महिने ज्याची तयारी केली ते डोळ्यांसमोरून जाताना पाहण्याची सक्ती कुणावर नसावी. त्या सुट्टीत आई होती, मुलगी येऊन गेली, आणि हॉटेलच्या तलावात बायको कमरेला तरंगता पट्टा बांधून, तळाला पाय न टेकवता धावत होती. तोवर फिजिओने परवानगी दिली होती. सराव असलेल्या धावपटूची दम टिकवण्याची ताकद या पाण्यातल्या धावण्याने काही आठवडे बरीच टिकते. एरवी पूर्ण बंद ठेवलं तर दोन-तीन आठवड्यांतच ती घसरू लागते.

जेवणाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. धावणं थांबलं तसं तिने ताटातलं कमी केलं, वजन वाढेल म्हणून. घरात हे आधी आईच्या लक्षात आलं. हाड भरून यायचं तर शरीराला पुरेसं अन्न लागतं, आणि मुळात स्ट्रेस फ्रॅक्चरमागे बऱ्याचदा कमी खाणं हेच एक कारण असतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून याला ‘रेड-एस’ असं नाव दिलं आहे. सरावाच्या मानाने ऊर्जा कमी पडली की हाडं, हार्मोन्स, पाळी, मन, सगळ्यावरच परिणाम होतो. रोजचं ताट दिसतं ते घरच्यांना. तपासणीच्या खोलीत त्यांना दोन प्रश्न विचारले तर ही गोष्ट किती लवकर कळेल!

माझी डॉक्टरांना, फिजिओंना आणि प्रशिक्षकांना विनंती आहे की धावपटूसोबत आलेल्या माणसालाही बोलतं करा. घरात काय ठरलंय ते विचारा आणि काय जमेल, काय नाही, ते लिहून द्या. आणि आपल्याला विनंती ही की क्रीडा किंवा आरोग्य पानावर या मधल्या महिन्यांबद्दल जाणकारांकडून लिहून घ्या: जिना, गाडीत चढणं-उतरणं, विमानतळावर व्हीलचेअर आधी कशी मागायची, घरातली कामं कशी वाटून घ्यायची. सुरुवात प्रवासापासून करा, कारण दुखापत होते तेव्हा बहुतेक घरांत तिकिटं आधीच काढलेली असतात.

आपला,
एका धावपटूचा नवरा